पंधरा बारचं मशीन आणि ह्यांची किटली

चऱ्होली,
५ जानेवारी २०२५

प्रिय आक्का,
शालनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा सकाळी नळाला पाणी येऊन गेलं होतं, पिंप भरलं होतं, मेथी निवडून झाली होती आणि मी ओट्यावरची ह्यांची किटली उचलून खालची फरशी पुसत होते. तेवढ्यात सूनबाई, आम्रपाली, दवाखान्यातून रात्रीची ड्यूटी संपवून आली, पाय धुतले आणि ओट्याच्या त्याच कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. किटली जागेवर ठेवून झाल्यावर म्हणाली, की घरी कॉफीचं मशीन घ्यावं असं तिच्या मनात आहे, आणि कोणतं घ्यायचं ते मी ठरवावं.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र.

अडचण कोपऱ्याची आहे. मशीनला लागणारा मोठा प्लग ओट्यावर तेवढ्या एकाच ठिकाणी आहे आणि तिथं किटली आहे. महाळुंग्याच्या कंपनीत हे बॉयलरवर होते, तेव्हा त्याच किटलीतून सगळ्या पाळीला चहा पाजायचे. हे जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे. कुरुळीची खोली सोडून मुलाकडे, बुद्धरत्नाकडे आले तेव्हा ती मी मांडीवर घेऊन आले. तिच्यात काही करत नाही. रोज उचलते, पुसते, ठेवते. मशीन आलं की ती कुठं जाणार, हे घरात कोणी बोलत नाही. माळ्यावर जाईल. माळ्यावर गेलेली वस्तू खाली आलेली मी अजून पाहिलेली नाही.

बुद्धरत्नानं मोबाइलवर मशीनं दाखवली. एकात गोळ्यांच्या पाकिटासारख्या बंद डब्या घालायच्या. डबी संपली की कचरा. ते मला पटलं नाही. दुसरं कॉफीच्या बिया स्वतःच दळतं, आणि दळताना शेजाऱ्यांना उठवतं. तिसऱ्यावर दाबाचा आकडा लिहिला होता, पंधरा बार. मी चष्मा पुसून परत वाचलं. आक्का, ह्यांचा बॉयलर दहावर चालायचा. त्याला वेगळी खोली होती, सरकारी साहेब तपासायला यायचे, आणि परीक्षा पास झालेल्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही. ती परीक्षा मला पाठ आहे. मी पुस्तकातून प्रश्न वाचायचे आणि हे जेवता जेवता उत्तरं द्यायचे. माझं वाचन त्याच पुस्तकावर पक्कं झालं.

मी मुलाला विचारलं, की ह्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं आहे, आतलं पाणी दाखवणारी काच कुठं आहे, आणि आम्ही भाजीला गेलो तर ह्याच्याजवळ बसणार कोण. तो म्हणाला, की त्याला कॉफी प्यायची आहे, कारखाना काढायचा नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा. घाई करू नका. मलाही घाई नाही.

तुमची माया आहेच, तिच्यावर झाकण ठेवू नये.
तुमची,
शालन

औसा,
१४ जानेवारी २०२५

चि. शालन हिस,
आक्काचा जयभीम आणि गुडघे सांभाळून दिलेले आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं आणि शेजारच्या सुमनताईला एकदा वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे.

मला बॉयलरमधलं कळत नाही, पण तुझ्यातलं कळतं. लग्न ठरत होतं तेव्हा तू माझ्या भावात, दौलतमध्ये किती खोडी काढल्या होत्यास ते आठव. उंची कमी, बोलणं मोठ्यानं, चालताना चपला फरफटतो. तुला माहेरचं गाव सोडायचं नव्हतं, म्हणून नवरा वाईट होता. आता किटली हलवायची नाही, म्हणून मशीन वाईट आहे. पंधराच्या जागी पाच बार असते तर तू म्हणाली असतीस, की एवढ्याशा प्रेशरनं काय होतंय.

सुनेचं मला कौतुक वाटतं. मी तिच्या जागी असते तर किटली केव्हाच उचलून मशीन मांडलं असतं आणि वर तुलाच कप धुवायला लावले असते. ती रात्रभर आजारी माणसांसाठी उभी राहते. घरी येऊन तिला कपभर कडू पाणी प्यावंसं वाटलं, तर ते तिला मिळायला हवं. निदान दुकानात जाऊन बघून तरी ये. लांबून कोणतीही वस्तू भुतासारखी दिसते.

माझ्या बोलण्याचा राग धरलास तरी पत्र धाडायचं थांबवू नकोस.
तुझी,
आक्का

चऱ्होली,
२२ जानेवारी २०२५

प्रिय आक्का,
जयभीम. वि. वि. राग धरला होता, पण बसमध्ये विसरले.

आम्ही तिघं चिंचवडच्या दुकानात जाऊन आलो. त्या दुकानात आता मला पुन्हा जायला तोंड नाही. काय झालं ते सुमनताईंना वाचून दाखवलंत तरी चालेल, नाहीतरी तुम्ही दाखवणारच.

तिथला विक्रेता नवनाथ नावाचा, फार अदबशीर माणूस. त्यानं आधी समजावलं, की पंधरा बार म्हणजे ओंजळभर पाण्याला पंपानं दिलेला रेटा, साठवलेली वाफ नव्हे. मी मान डोलावली. त्यानं बाहुलीच्या कपात चार घोट कॉफी दिली. मला वाटलं चव बघायला दिली असेल, म्हणून पिऊन मोठ्या कपाची वाट बघत बसले. मोठा कप नसतोच म्हणे. चव म्हणाल, तर तुम्ही बाळंतपणात दिलेल्या काढ्याची आठवण झाली.

मग त्यानं दूध घेतलं आणि मशीनच्या बाजूची बारीक नळी उघडली. आक्का, सगळं दुकान वळून बघेल असा आवाज झाला. पाणी दाखवणारी काच कुठं दिसेना. पुस्तकात पहिलाच प्रश्न होता, की काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल. मी मोठ्यानं उत्तर दिलं, की आधी जाळ बंद करा, आणि आम्रपालीला पर्सच्या पट्ट्यानं ओढून फ्रीजच्या मागं नेलं. आमच्या पाठोपाठ एक जोडपंही आलं. एक गृहस्थ धुण्याच्या मशीनमागं बसले. उठल्यावर त्यांनी त्याच धुण्याच्या मशीनची चौकशी केली. बुद्धरत्न मात्र जागेवरच उभा होता, आपण कोणाबरोबर आलेलोच नाही अशा चेहऱ्यानं.

ती वाफ फक्त दूध तापवायची होती. मी फ्रीजमागून बाहेर आले आणि ती नळी परत एकदा उघडायला सांगितली. मग आणखी एकदा.

तोच आवाज होता. कंपनीत एकदा घरच्या माणसांना बोलावलं होतं, तेव्हा हे मला बॉयलरच्या खोलीत घेऊन गेले होते. तिथं ह्यांनी एक बारीक नळी काढून ठेवलेली. किटलीत दूध घ्यायचं, नळी आत सोडायची, व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. साहेबांना ते चालायचं नाही, पण साहेबही तोच चहा प्यायचे. चहाला थोडा लोखंडाचा वास होता. मी तसं म्हटलं तर ह्यांना फार लागलं होतं.

आम्रपालीनं दुकानात माझा हात धरला तो बस येईपर्यंत सोडला नाही. काही न घेता परत आलो. मशीनमध्ये आता मला खोड दिसत नाही. माळा तेवढा दिसतो.

तुम्हीच काय ते सांगा, आणि सांगताना जरा कमी रागवा.
शालन

औसा,
३० जानेवारी २०२५

चि. शालन,
जयभीम आणि आशीर्वाद. सुमनताईला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

तुला एवढं दिसलं आणि पुढचं दिसलं नाही, ह्याचं मला नवल वाटतं. दौलत वाफेवर दूध कशात तापवायचा? किटलीत. मशीन काय करतं? वाफेवर दूध तापवतं. मग किटली माळ्यावर कशाला जाईल? पिशवीत घाल आणि दुकानात ने. ज्या मशीनच्या नळीखाली ती बसेल ते मशीन घे, बाकी बार मोजू नकोस.

तो माझ्या कडेवर वाढला, म्हणून मी हे बोलू शकते. ती किटली म्हणजे त्याच्या अस्थी नव्हेत. भरलेली किटली कोणाच्या तरी पुढं केल्याशिवाय त्याला करमत नसे. तू ती रिकामी ठेवून नुसती पुसतेस.

रागवायचं कमी केलं आहे. ह्याहून कमी जमत नाही.
आक्का

चऱ्होली,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,
जयभीम. वि. वि.

गेले दुकानात. नवनाथनं मला दारात ओळखलं आणि आधी जाऊन फ्रीजपाशी उभा राहिला. मी कापडी पिशवीतून किटली काढली आणि प्रत्येक मशीनखाली धरून पाहिली. एकाची नळी आखूड. एकाखाली कडी अडकली. बिया दळणाऱ्या मशीनखाली तर ती शिरेचना. नवनाथ म्हणाला, की दुधासाठी स्टीलचा मग मशीनबरोबर फुकट मिळतो. आम्रपालीनं त्याला सांगितलं, की आमचं भांडं आम्ही घरून आणलं आहे. एक बाई किटली कितीला आहे ते विचारून गेल्या.

शेवटी कोपऱ्यातलं एक साधं काळं मशीन निघालं. त्याची नळी लांब आणि फिरणारी. झाकण काढलं आणि कडी मागं पाडली, की किटली नेमकी बसते. बुद्धरत्नानं बार किती ते वाचायला घेतलं, त्याला मी वाचू दिलं नाही.

काल संध्याकाळी ते घरी आलं. कोपऱ्यातून किटली मीच उचलली. बुद्धरत्नानं मशीन मांडलं आणि तिघंही माझ्या हाताकडे बघत राहिलो, मीसुद्धा. मग आम्रपाली म्हणाली, की मशीनच्या डोक्यावर कप गरम ठेवायची जागा असते. किटली तिथं ठेवली. पूर्वीपेक्षा वीतभर उंच दिसते. ह्यांना उंचीचं बोलणं लागायचं, आता बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात या. कडू लागली तर गूळ घालून देईन. तोवर आहे तेवढी माया पुरवून वापरते.
तुमची,
शालन

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी मी किटली घासली, तिच्यात दूध घेतलं, नळीखाली धरली आणि व्हॉल्व्ह किंचित उघडला. आम्रपाली ड्यूटीवरून आली तेव्हा तिला त्यातूनच कॉफीत दूध ओतून दिलं.