बारा चेकांच्या झेरॉक्स

टोलेडो, ११ मे २०१९

प्रिय रोमन,

'प्रिय' लिहिलं आणि उठून कॉफीचा कप विसळून आले. परत येऊन पाहिलं तर शब्द तिथेच होता. म्हटलं, राहू दे. सत्तावीस वर्षांच्या संसाराची सवय कोर्टाच्या एका शिक्क्याने जात नाही, आणि त्या जागी दुसरं काय लिहायचं तेही सुचेना.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा मी नुकतीच चर्चमधून ईस्टरच्या जेवणाची टोपली आशीर्वाद घेऊन परतले होते. अंडी, सॉसेज, किसलेलं हॉर्सरॅडिश, सगळ्यावर फादरनी पाणी शिंपडलं होतं. टोपलीतल्या, लोण्याच्या घडवलेल्या कोकराचा एक कान गाडीतच वितळला होता. सात वर्षांत तुझा हा तिसरा फोन. पहिला तुझी आई गेली तेव्हाचा, दुसरा तुझ्या मासेमारीच्या गळांचा डबा राहिला होता त्याचा. या वेळी म्हणालास, "डेल्फी, एक छोटंसं काम आहे. गेल्या बारा महिन्यांचे हप्त्याचे चेक आहेत ना, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स पाठव. मी आणि शेरिल इथे साउथ कॅरोलिनात घर घेतोय. जुन्या घराचे पैसे मी नाही, तू भरतेस, एवढं बँकेच्या माणसाला दाखवायचं आहे. जूनमध्ये कागद व्हायचेत." मी म्हटलं, बघते. तीन आठवडे झाले. बघत होते. आता लिहायला बसले आहे.

आधी इकडची खबर. लग्रांज रस्त्यावरची बेकरी बंद झाली, आता राय ब्रेड आणायला पार नदीपलीकडे जावं लागतं. चर्चच्या हॉलमध्ये लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मासे तळायला मी अजून उभी राहते. माझ्या शेजारी तळायला उभा असणारा गस दर शुक्रवारी तुझी चौकशी करतो. "रोमनने समुद्रातले मासे पकडले का, की अजून नुसत्या बढायाच मारतो?" सगळे हसतात, मीही हसते. घराचं म्हणशील तर मागच्या खोलीत छत गळतं आणि तळघरातली हीटरची भट्टी जानेवारीत बंद पडली. तो कडाक्याच्या थंडीचा आठवडा आठवतोय ना, बातम्यांत दाखवत होते? मी कोट घालून, स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं ठेवून बसत होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, ही भट्टी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे, हिला आता सुखाने जाऊ द्या." नवीनला साडेचार हजार डॉलर.

त्या भट्टीवरूनच सगळं उलगडलं. पण ते समजायला तुला २०१० सालच्या आपल्या स्वयंपाकघरात परत यावं लागेल. तू येणार नाहीस, म्हणून मीच लिहिते.

तुझं बोटींच्या इंजिनांचं दुकान तुझं होतं, पण कर्ज माझ्या नावावर होतं. तूच म्हणायचास, "तुझी शाळेच्या किचनमधली कायमची नोकरी, तुझं नाव चांगलं, बँका तुला हसत पैसे देतात." दिले. दुकानाचं कर्ज, चार क्रेडिट कार्डं, त्या निळ्या ट्रकचे पैसे, सगळ्यांवर माझी सही. मंदी आली, लोकांनी बोटी विकल्या, आणि तू दुकानाच्या दाराला कुलूप लावून घरी आलास. त्या संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून रडलास. मला तुझी खरंच कणव आली होती, रोमन. तू वाईट माणूस नव्हतास. माझी आई आजारी असताना तिला उचलून जिना चढणारा माणूस होतास तू. तसं नसतं तर मला आज इतकं लागलं नसतं.

मग तू कागदावर दोन रकाने आखलेस. "दोघांनी बुडण्यात काय शहाणपण? एकाने बुडायचं, एकाने वर राहायचं. दिवाळं तू एकटी काढ. माझं नाव स्वच्छ राहिलं तर पुढे आपल्या दोघांनाही आधार." आपल्या दोघांना, असं म्हणाला होतास. मी कोर्टात गेले. स्थानिक पेपरात बारीक अक्षरांत नाव आलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मटार वाढताना माझा हात वर होईना. मला वाटत होतं, रांगेतल्या पोरांनीसुद्धा वाचलंय.

घराचं कर्ज मात्र दोघांच्या नावावर होतं. हॅलोरन वकिलांनी बँकेकडून आलेला एक कागद मला दाखवला आणि लगेच मागेही ओढला. म्हणाले, "कोर्ट तुमची सगळी कर्जं पुसतंय. तरी घराचं कर्ज मी परत स्वतःच्या डोक्यावर घेते, असं यात लिहिलंय. सही करू नका. हप्ते भरत राहा, म्हणजे कोणी घराबाहेर काढणार नाही. आणि पुढेमागे नाहीच जमलं तर किल्ल्या ठेवून निघून जा. बँक घर घेईल, पण तुमच्या पगाराला हात लावू शकणार नाही." तू मांडीवर थाप मारून म्हणालास, "याला म्हणतात वकील!" मी सही केली नाही. त्या कागदावर सही न करण्याने आणखी काय होतं, ते वकिलांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

दोन वर्षांनी तू गेलास. वकिलाचे पैसे वाचवायला फारकतीचा करार तू स्वतःच्या हाताने लिहिलास. घर दोघांच्या नावावरच राहील, आणि 'जो घरात राहील, तो हप्ता भरेल.' न्यायाधीशबाईंनी वाचून विचारलं, "एवढंच?" तू म्हणालास, "एवढंच." मीही मान हलवली. मला घर हवं होतं. खरं सांगायचं तर घरापेक्षाही मला माझं नाव परत हवं होतं. वाटायचं, दर महिन्याला वेळेवर भरत गेले की ते बारीक अक्षरांतलं पुसलं जाईल. कागदावर कोणीतरी लिहून ठेवत असेल, की ही बाई बुडाली खरी, पण नंतर कधी चुकली नाही.

म्हणून मी भरत गेले. सहाशे चौऱ्याऐंशी डॉलर, दर महिन्याच्या पंचवीस तारखेला, बँकेच्या पुस्तकातली पावती फाडून, चेक जोडून, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत. तू घरात होतास तेव्हाही चेक माझ्याच खात्याचा असायचा. २०१४ मध्ये शाळेने माझे तास कमी केले, तेव्हा शनिवारी चर्चचा हॉल झाडायला जायचे. त्याच हिवाळ्यात आईची अंबरची माळ विकली. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी चेक आधीच लिहून शेजारणीकडे देऊन गेले, भूल उतरल्यावर पहिला प्रश्न तिलाच विचारला, की पेटीत टाकलास ना. नर्सला वाटलं मी बरळतेय. असे एकशे दहा हप्ते झाले. एकही एक दिवससुद्धा उशिरा नाही.

फेब्रुवारीत भट्टीसाठी कर्ज मागायला शाळेच्या पतपेढीत गेले. छान कपडे करून गेले होते. तिथे मारिबेल बसते, लहानपणी माझ्याच हातचं जेवलेली. तिने माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "बाई, घराच्या कर्जापुढे फक्त एवढंच आहे. दिवाळखोरीत गेलं, बाकी शून्य. त्यापुढे २०१० पासून काहीच नाही." मी म्हटलं, "काहीच नाही म्हणजे? मी दर महिन्याला भरतेय." ती म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही भरत असणार. पण यात दिसत नाही. यात दिवाळं दिसतं, आणि त्याच्यापुढे सगळं कोरं." कर्ज नामंजूर झालं. तिचे डोळे भरले, म्हणून मीच तिची समजूत घालून बाहेर पडले.

घरी येऊन बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती. "तुम्ही कर्ज पुन्हा मान्य केल्याच्या कागदावर सही केली नव्हती, मॅडम. कायद्याने ते कर्ज आता तुमचं नाही. मग तुमच्या नावावर हप्ते कसे कळवणार?" मी विचारलं, मग मी दर महिन्याला पैसे कशाचे भरते? "ते तुम्ही स्वखुशीने भरता, मॅडम." स्वखुशीने! आता सही करते म्हटलं, तर म्हणाली, ती मुदत नऊ वर्षांपूर्वीच संपली. मी फोन ठेवला आणि कोट घालून ओव्हनसमोर बसले. नऊ वर्षं मी ज्या भिंतीवर लिहीत होते, ती भिंतच तिथे नव्हती.

तोवर मला वाटत होतं की माझे हप्ते कुठेच लिहिले गेले नाहीत. ते कुठे गेले हे मला तू सांगितलंस. आठवतं? झेरॉक्सचं बोलून झाल्यावर तू हसत म्हणालास, "अगं, गंमत ऐक. बँकेचा माणूस म्हणाला, तुमच्यासारखं स्वच्छ नाव मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. जुन्या घराचे नऊ वर्षांचे हप्ते, एकही उशिरा नाही! मी म्हटलं, आम्ही जुन्या वळणाची माणसं." मी टोपली हातात घेऊन तशीच उभी होते. दिवाळं माझं एकटीचं निघालं होतं, रोमन. तुझं नाव त्या कर्जावर जसंच्या तसं राहिलं होतं. मी भरत होते आणि बँक तुझ्या नावापुढे खुणा करत होती. माझे शनिवार, आईची माळ, गुडघ्याच्या भुलीत विचारलेला तो प्रश्न, सगळं तुझ्या रिपोर्टात जाऊन बसलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तुला ते कळलंसुद्धा नव्हतं, हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. इतका राग मला तू गेलास तेव्हाही आला नव्हता. कोकराचा उरलेला कान मी अंगठ्याने चिरडून टाकला. आणि तू म्हणालास, "शेरिलने ईस्टरच्या शुभेच्छा सांगितल्यात."

तेव्हापासून मी भाड्याची जागा शोधत होते. दोन ठिकाणी रिपोर्ट बघून नाही म्हणाले. मग पुढच्या गल्लीतल्या गोर्नीबाईंचा वरचा मजला रिकामा असल्याचं कळलं. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. विचारलं, "भाडं वेळेवर देशील कशावरून?" मी बुटांचा खोका त्यांच्यापुढे ठेवला, त्यात सगळे वटलेले चेक. त्यांनी ठेवून घेतला. दोन दिवसांनी बोलावलं. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक बघितला होता. म्हणाल्या, "चौदा सालच्या मार्चमध्ये अक्षर वाकडं आलंय." मी म्हटलं, तेलाने हात भाजला होता. "तरी तारीख चुकली नाहीस," म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. नऊ वर्षांत माझे चेक वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यामुळे तुझ्या बारा झेरॉक्स मिळणार नाहीत. तो खोका आता त्यांच्या कपाटात आहे, आणि मी तो मागणार नाही.

हे पत्र मी आपल्या रिकाम्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितेय. सामान काल गेलं. गसने आणि त्याच्या भावाने उचललं, पैसे घेतले नाहीत. सोबत घराच्या दोन्ही किल्ल्या आहेत, आणि बँकेच्या पावतीपुस्तकातलं जूनचं पान. मेचा हप्ता मी भरलाय, तो शेवटचा. तुझाच करार आहे, जो घरात राहील तो हप्ता भरेल, आणि मी आता इथे राहत नाही. मी न भरल्याची नोंद माझ्या नावावर होणार नाही, कारण भरल्याचीही कधी झाली नाही. ती तुझ्या नावावर होईल. तुझं नवं घर मोडावं म्हणून हे करतेय असं समजू नकोस, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? थोडं त्यासाठीही करतेय. भट्टी बंद आहे आणि मागच्या खोलीत गळत्या छताखाली बादली ठेवलीय, ती आठवड्यातून दोनदा रिकामी करावी लागते. हप्ता सहाशे चौऱ्याऐंशी आहे. पंचवीस तारखेला पेटीत टाकलास तर एकला वेळेवर पोहोचतो. फार अवघड नाही, मी नऊ वर्षं केलंय.

जुन्या सवयीने, अजून एवढ्यापुरती तुझीच,
डेल्फीन