दुपारी घरी मामी आणि मी

२९ जून ८१, कोराडी
कुसुम आजपासून पुन्हा शाळेत शिकवायला. माझी वीज केंद्रात पुढच्या महिन्याअखेरपर्यंत रात्रपाळी, म्हणजे दुपारभर घरी मामी आणि मी. मामी म्हणजे सासूबाई, कुसुमची आई. मे महिन्यात चार दिवसांसाठी आल्या. वामन, कु.चा भाऊ, सोडून गेला तो न्यायला आलाच नाही. त्यांचं विसरणं किती वाढलंय ते इथे आल्यावर कळलं.
आज डुलकी काढून उठलो तर मामी स्वयंपाकघराच्या दारात, पायाखाली ओलं. मला पाहून डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. "गडवा सांडला, जवाईबापू." तांब्या तर फळीवर कोरडा. मी हो म्हटलं, फरशी पुसली. लुगडं बदला म्हणायला तोंडच उघडेना. कु. येईपर्यंत तशाच बसल्या.

१ जुलै
घरात संडास असतो हेच त्यांना पटत नाही. "चुलीच्या भिंतीले लागून? शी वं! मी नाही जात." सकाळी कु. कशीबशी नेते तेवढंच. आज गडवा घेऊन मागच्या दाराने निघाल्या, पार कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यापर्यंत. शेजारच्या देशकरबाईंनी हात धरून आणलं. जन्मभर गावाबाहेर जायची सवय, पाय तिकडेच वळतात. आता त्या दाराला कडी.

४ जुलै
कडीने काही साधलं नाही. आज कोपऱ्यात. कु. आल्यावर तिने कपडे बदलले, लुगडं मी धुतलं. दोरीवर टाकताना देशकरबाई : "मॅडम खुर्चीवर, अन् तुम्ही लुगडं धुऊन राहिले?" हसलो. आत येऊन चिडलो. वामनवर बहुतेक.
मामी खिडकीतून : "कोणाचं लुगडं वाळून राहिलं?"

७ जुलै
कु.ने रजा टाकली. बसने धरमपेठेतले डॉक्टर. साखर नाही. लघवी मात्र फार गडद. तेव्हा कु. बोलली, ओलं होणं कमी होईल म्हणून ती आईला दिवसाचं पाणीच ठेवून जात नव्हती. डॉ. रागावले. "पाणी तोडू नका, त्याने जळजळ होते, भ्रम आणखी वाढतो. आणि त्या सांगतील म्हणून थांबू नका. अधूनमधून तुम्हीच न्या." बरं होईल का, विचारलं. नाही म्हणाले.
परतताना कु. खिडकीकडे तोंड करून. मामी खूश. "कोणाच्या लग्नाले चाललो वं आपण?"

१० जुलै
संडास नको, पण न्हाणी चालते! कु.ला सुचलं. न्हाणीचं दार उघडं ठेवायचं, बादली भरलेली. जेवणानंतर आणि चहाआधी मी नुसतं म्हणतो, "मामी, हातपाय धुऊन घ्या." पुढचं त्या समजतात. मी अंगणात जाऊन उभा. आजचा दिवस कोरडा.

१६ जुलै
इतके दिवस ठीक, आज पुन्हा. पेपरात डोकं घालून बसलो, न्यायचं राहिलं. आणि आज नुसतं पाणी नाही. कु.ला यायला वेळ होता. देशकरबाईंच्या दाराला कुलूप. पाणी तापवलं. टॉवेल, कु.चा परकर. मामी भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. "जवायाच्या हातून... मले मरण काहून येत नाही." म्हटलं, "जवाई कुठचा? मी दवाखान्यातली नर्स." कसं सुचलं कोण जाणे. मामींनी वळून बघितलं.
"नर्सबाईले मिशा?"
आणि हसल्या. मग मीही. हसता हसता उरकलं.
कु.ला सांगितलं. ती हसली नाही. माझ्या ताटात आपली पोळी ठेवली.

१९ जुलै, रविवार
वामन आला, न्यायला. "गावात लोक बोलून राहिले जी. पोरगा असून माय पोरीच्या घरी काहून? तिथं मोकळं आहे, माय पाहिजे तिथं जाईन." त्याची बायकोही वावरात कामाला जाते. मग दिवसभर मामींजवळ कोण? "शेजारीपाजारी आहेतच." वाईट नाही माणूस. आईचा हात सोडत नव्हता. ती त्याला भाऊजी म्हणत होती.
कु. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हीच सांगा."
महिन्यापूर्वी विचारलं असतं तर मीच पिशवी भरली असती. म्हटलं, "राहू दे सध्या." वामन जेवला, एकटाच गेला. पोळा झाल्यावर येतो म्हणाला. रागावला की सुटला, कळलं नाही.

२० जुलै
एक तारखेपासून माझी दिवसपाळी. काल हे डोक्यातच आलं नाही. डबा भरताना कु.ने विचारलं, "तुम्ही मनापासून बोलले, की वामनसमोर म्हणून?"
"मनापासून."
"मग एक तारखेले काय?"
देशकरबाई लक्ष ठेवतील, पण तेवढ्याने काय... ती नोकरी सोडायचं म्हणते. नको म्हटलं. रात्रपाळीच चालू ठेवा म्हणून साहेबांना विचारणार आहे. रात्रपाळी कोणी मागून घेत नाही, कारण विचारणारच. घरगुती अडचण, आजारपण, असं काहीबाही दिवसभर जुळवत होतो. आता ठरवलं, आहे तेच सांगायचं. दुपारी सासूबाईंना न्हाणीत न्यावं लागतं.