डबल बेल

६ फेब्रुवारी १९८९, सोमवार

नवी नोकरी, नवी रोजनिशी. आज आम्ही अंबरनाथ पूर्वेला येऊन पोचलो आणि खरं सांगतो, जागा बघून जीव सुखावला. बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं आवार, मधोमध पत्र्याची उंच शेड, कडेला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. नळाला पाणी, मागे चिंचेचं झाड. इंदूने सामान सोडायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या. कऱ्हाडच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजाऱ्यांच्या संडासाकडे उघडायची. लग्नापासून मी तिला जे जे कबूल केलं, त्यातली खरी झालेली ही पहिली गोष्ट. ती दिवसभर गुणगुणत होती.

काम म्हणाल तर भंगाराची राखण. मालक विष्णुपंत विजयकर, मुंबईचे, पिढीजात पैसेवाले. त्यांना जुन्या गाड्यांचं वेड आहे. ट्रामचा एक डबा कुठल्याशा वाडीत कोंबड्यांचं खुराडं झाला होता, तो त्यांनी आणून शेडमध्ये मांडलाय. बाकांना अजून कोंबड्यांचा वास येतो. विष्णुपंत त्याला काळाचा सुगंध म्हणतात. मी मान डोलावली. पगार देणारा म्हणेल तो सुगंध.

डेपोत मी इतकी वर्षं कारकुनी केली, बस म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. बस म्हणजे ओकाऱ्या, सुट्ट्या पैशांवरून भांडणं आणि फाटलेलं रेक्झिन. त्यावर प्रेम करायला माणूस मुळात मोटारीतून फिरणारा हवा.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या भंगारवाल्याकडून मोठा माल आला. जुनी डबलडेकर. इंजिन काढून घेतलेलं, टायर नाहीत, नुसता सांगाडा. क्रेनने उचलून विटांच्या थरांवर बसवली. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात ते खोटं नाही. विष्णुपंत तिच्याभोवती असे फिरत होते, जणू नवी नवरी घरात आलीय.

सोबत भंगारवाल्याचा माणूस आला होता, बबन नावाचा. गाडी ठेवून झाली तरी हा जाईना. विचारलं तर म्हणाला, साहेब, गाडी खाली करायची राहिली. मी म्हटलं, बाबा, खालीच तर आहे, आत काळं कुत्रं नाही. तर म्हणे तसं नाही. त्यांच्याकडे कुठलीही बस तोडायच्या आधी एक माणूस आत जातो, घंटीची दोरी एकदा ओढतो आणि ओरडतो, लास्ट स्टॉप, उतरा सगळे. डबलडेकर असली तर आधी वर, मग खाली. त्याशिवाय गॅसकटर लावत नाहीत. ही गाडी तोडायची नव्हती म्हणून यार्डात कुणी ते केलं नाही, पण करायला पाहिजे, बिना खाली केलेली गाडी ठेवू नये. "आपल्याकडं पद्धत आहे, साहेब," एवढंच त्याचं कारण.

विष्णुपंतांना केवढं कौतुक! लगेच वहीत लिहून घ्यायला लागले. मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, उतरवता कशाला गरिबांना? मी चढलो आणि दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. शिवाय ओरडलोही, चला, पुढे सरका, मागे जागा आहे.

सगळे हसले. बबन हसला नाही. तंबाखू थुंकून निघून गेला.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज विष्णुपंतांची दोस्तमंडळी आली होती. म्हातारे, रेशमी सदरे, गळ्यात कॅमेरे. ज्या बसला लोंबकळताना यांच्या गड्यांनी कंडक्टरचे आईबाप काढले असतील, त्याच बसच्या दांड्याला हे हात लावून डोळे पुसत होते. एक जण म्हणाला, तेव्हा माणसं माणसांसारखी होती. मी चहा वाटत होतो, त्याने माझ्याकडे न बघताच कप उचलला.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. यांनी बसला लावल्या.

एक बारीकशी गोष्ट. सकाळी मी सगळ्या सीटा पुसल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी पाहिलं तर खालच्या मजल्यावर बहुतेक सीटांना खळगे पडलेले. कुणी बसल्यावर पडतात तसे. जुन्या स्प्रिंगा, दुसरं काय.

२७ फेब्रुवारी, सोमवार

शेडमध्ये दुपारी पत्रा तापून भट्टी होते, पण डबलडेकरच्या आत गार असतं. इंदूने ते शोधून काढलंय. जेवणं झाली की खिडकीपाशी जाऊन बसते. मी चिडवलं, काय बाईसाहेब, कुठवर आली तुमची मुंबई? ती हसून म्हणाली, आत्ताच हौद गेला. कसला हौद? म्हणाली, घोड्यांना पाणी पाजायचा, दगडी. शेजारी गोळेवाला उभा होता.

इंदूने मुंबई पाहिलेली नाही. तिला म्हटलं, विष्णुपंतांचं ऐकून तूही बहकलीस. ती परत खिडकीकडे वळली. तिच्या केसांना कसल्याशा उग्र तेलाचा वास येत होता. आमच्याकडे खोबरेल असतं.

५ मार्च, रविवार

आजचा तमाशा लिहायलाच हवा.

मंडळी परत आली. इंदू खिडकीशी बसली होती, ती उठलीच नाही. विष्णुपंतांनी कौतुकाने विचारलं, काय दिसतं? आणि ती सांगू लागली. हौद, घड्याळाचा मनोरा, रस्त्यातले ट्रामचे रूळ, पाटीवर रंगवलेली चहाची किटली असलेलं हॉटेल. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हो हो, तिथेच होतं! बरोबर! एकालाही वाटलं नाही की या बाईला हे कसं माहीत. माझी बायको म्हणजे यांना गारुड्याची माकडीण वाटली. विष्णुपंत म्हणाले, दर रविवारी बसवू या हिला.

मग त्यांची थोरली बहीण माई पुढे आल्या. थरथरत विचारलं, घड्याळाखाली कोट घातलेला कुणी उभा आहे का गं? इंदू म्हणाली, ते मघाशीच चढले. वर जागा मिळाली त्यांना.

माई खाली कोसळल्या. तोंडावर पाणी मारावं लागलं. आणि शुद्धीवर येऊन म्हणाल्या काय, तर किती गोड!

थू.

रात्री इंदूला सांगितलं, उद्यापासून त्या गाडीत जायचं नाही. ती म्हणाली, बरं. आवाज फार लांबून आल्यासारखा.

८ मार्च, बुधवार

गेली. मी बाजारात गेलो तेवढ्यात गाडीत गेली.

हाताला धरून ओढलं. समोरच्या सीटचा दांडा तिने धरलाय. बोटं सुटत नाहीत. म्हणते, चालत्या गाडीतून उतरवता का मला? पडेन ना.

चालत्या. विटांवरच्या.

ओढताना माझ्या खांद्याला कुणीतरी घासून गेलं. ओली छत्री घेऊन. बाहेर रणरणतं ऊन.

विष्णुपंतांना फोन केला. म्हणाले, राहू द्या तिला, रविवारी कॅमेरावाला आणतोय.

९ मार्च

जेवत नाही. पाणीही नाही. सारखी बाहेर बघते. तिच्या चेहऱ्यावरून उजेड सरकत जातो, दिव्यामागून दिवा. शेडमध्ये दिवाच नाही.

माझं नाव विचारलं तर थोडा वेळ आठवावं लागलं तिला.

इंदूशिवाय मला कुणी नाही. हे तिला कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. ती म्हणाली, पुढे सरका, मागे जागा आहे.

माझंच वाक्य.

१० मार्च, सकाळ

रिक्षा करून कॅम्प ४ ला गेलो. बबनच्या पाया पडलो. हो, मी. तो यायला तयार नाही. म्हणाला, "डबल तुम्ही मारली ना, मग सिंगल पण तुम्हीच मारा. माझं ऐकणार नाहीत ते." आणि परत तेच, आधी वर, मग खाली. वर कुणी राहिलं तर गाडी उभी राहत नाही. वर-खाली, वर-खाली. ऐकलं बाबा.

१० मार्च, दुपार

गाडीत बसून लिहितोय. इंदू बोलत नाही, मला कुणाशी तरी बोललं पाहिजे.

जिन्याच्या तळाशी उभा राहून पाहिलं. वरच्या पायरीवर बूट दिसतात. काळे, पॉलिश केलेले. हलत नाहीत. माझी वाट बघत असल्यासारखे.

मी वर जाणार नाही.

कशाला जाऊ? इंदू खाली आहे. वरच्यांशी मला काय देणंघेणं? त्यांना हौस आहे ना जुन्या मुंबईची, फिरू देत जन्मभर. विष्णुपंत येतील त्यांना ओवाळायला.

दोरी ओढतो.

—

ओढली. एकदा. ओरडलो, लास्ट स्टॉप, उतरा सगळे. आवाज फुटला माझा.

स्प्रिंगा वाजायला लागल्या. एकेक खळगा वर येतोय. सीट भरून येते, मग पुढची. मागची चढायची फळी दबते, उचलते, दबते. उतरतायत. तेलाचा वास कमी होतोय —

इंदूने दांडा सोडला!

उठली. माझ्याकडे पाहिलं, ओळखून पाहिलं. म्हणाली, अहो, आपण इथे काय करतोय? उतरली. स्वतःच्या पायांनी उतरली. खाली उन्हात उभी आहे, पदराने घाम पुसतेय. घाम आलाय तिला. देवा.

क्षणभर सीटवर टेकलोय. एवढं लिहून उतरतो. सामान बांधायचं, आजच कऱ्हाड. खड्ड्यात गेली ही —

इंदू हाका मारतेय. तोंड हलतंय, आवाज येत नाही.

आलो गं —

घंटी वाजली. वरून.

एकच. एक म्हणजे थांबा. गाडी थांबलेलीच आहे. मग वरचे आता दुसरी कशाला —