इंजिनाला कोळसा कुणी भरायचा

आई,

वाफेचं इंजिन पुन्हा मेन लाईनवर चालवायचं म्हणतायत. एक जुनं इंजिन कारखान्यात दुरुस्त करून घेतलंय. त्याला चार डबे लावायचे आणि वर्षातून एखाद्या रविवारी हौशी लोकांना पुण्याहून लोणावळ्यापर्यंत फिरवून आणायचं, अशी कल्पना आहे. आजच्या गाड्यांच्या गर्दीत ते चालू शकेल का, हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय. मी रेल्वेत गाड्यांच्या वेळा आणि मार्ग ठरवते, हे तुला माहीत नाही. मला नोकरी लागायच्या आधीच तू गेलीस. माझ्या सहीने फार काही हलतं अशातला भाग नाही, पण अडायला माझी सही पुरते. सोमवारी मत द्यायचंय. मी हो म्हणणार असं ऑफिसात सगळे धरून चाललेत, कारण माझी आई इंजिनावर होती असं मी कधीतरी चहा पिताना बोलून गेले होते. ऐकणाऱ्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे. तू इंजिनावर होतीस म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, टेंडरवर, डोक्यावर पाटी घेऊन.

तुझं माहेर वेल्ह्याकडचं. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची सवय तुला लहानपणापासूनची, म्हणून मुकादमाने पहिल्याच दिवशी कामावर घेतलं, हे तू असं सांगायचीस की जणू सरकारी परीक्षाच पास झाली होतीस. आपली भाटघरची चांगली जमीन आजोबांच्या वेळीच धरणात गेलेली. उरलेल्या माळावर आबा नाचणी काढायचे आणि तेवढ्याने भागायचं नाही. म्हणून तू आठवडाभर नीरा स्टेशनावर कोळसा वाहायचीस आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी यायचीस. मी आबांजवळ राहून भोरच्या शाळेत जायची. शनिवारी घरात चुलीवर काहीतरी चांगलं शिजायचं आणि तू नसताना गप्प गप्प असलेले आबा त्या दिवशी बोलायला लागायचे. नीरेच्या स्टेशनावर इंजिन पाणी भरून घ्यायचं, ते पाणी नदीचं, आणि नदीला सोडलेलं आपल्या धरणातलं. आबा त्यावरून तुला छेडायचे. "आपलं रान धरणात गेलं, धरणाचं पानी इंजान पितंय, आन् इंजान हिला पोसतंय. म्हंजी रान अजून पिकतंय म्हनायचं." तू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायचीस, "पिकतंय तर. कापनीला म्या एकलीच हाय." आबा हसायचे आणि तुझ्यापुढचं लाकूड चुलीत सारायचे. तुम्हा नवरा-बायकोतलं एवढं सरळ प्रेम मी अजून कुणाच्या संसारात पाहिलेलं नाही, माझ्याही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्याकडे यायची. सारोळ्याला उतरून दुसरी एसटी धरायची, मग स्टेशन. मिरजेला जाणारी गाडी येऊन उभी राहते. तेव्हा लाईन लहान होती, मीटरगेजची, पण मला ते इंजिन डोंगराएवढं वाटतं. कोळशाच्या ओट्यावरून टेंडरला फळी टाकलेली आहे आणि तुम्ही बाया एकीमागे एक त्या फळीवरून वर जाता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, एक हात पाटीला आणि दुसरा मोकळा. वर पोचलं की पाटी एका झटक्यात पालथी आणि लगेच दुसऱ्या बाजूने खाली. इंजिन खाली फुसफुसत असतं आणि फळी हलत असते. तुझी पाठ मात्र हलत नाही. सगळं झालं की ड्रायव्हरकाका शिट्टी देतात, गाडी सुटते आणि तू पदराने तोंड पुसत मला म्हणतेस, "चालली बग. माज्या पाट्यांवर मिरजंला चालली." ह्या वाक्याचा मला किती अभिमान वाटायचा ते मी तुला कधी सांगितलं नाही. शाळेत पोरी बापाची थोरवी सांगायच्या, मी मनात तुझी सांगायची.

आणि ते गरम पाणी. काम उरकलं की तुमच्यातली एखादी बादली घेऊन इंजिनापाशी जायची आणि ड्रायव्हरकाका बाजूच्या नळीतून कढत पाणी सोडायचे. "बाई, बादली लांब धरा, भाजंल," असं दरवेळी म्हणायचे, आणि तू दरवेळी म्हणायचीस, "आमी काय आज आलो व्हय?" त्या पाण्यात गार पाणी मिसळून तू माझे केस धुवायचीस. इंजिनाच्या पाण्याने केस मऊ होतात असं तुम्हा बायांचं ठाम मत होतं; खरं-खोटं मी अजून तपासलेलं नाही. तुझी बोटं कोळशाने खरखरीत झालेली, पण डोक्यावर ती अशी फिरायची की मला बसल्या बसल्या झोप लागायची. तू स्वतः मात्र सगळ्यात शेवटी उरलेल्या पाण्यात हातपाय धुवायचीस, आणि मी म्हटलं की म्हणायचीस, कोळशाला धुऊन काय उपेग.

एका सुट्टीत मी शहाणपणा केला. तुला बरं वाटेल म्हणून एक लहान पाटी निम्मी भरली, तुझ्यासारखी चुंबळ केली आणि बायांच्या मागून फळीवर चढले. मधोमध गेल्यावर फळी हलायला लागली आणि पुढे जाता येईना की मागे. तू वर होतीस. ओरडली नाहीस, मी दचकून पडले असते. सावकाश उतरत आलीस, माझ्या डोक्यावरची पाटी एका हाताने उचललीस, दुसऱ्या हाताने मला धरून खाली आणलंस, आणि पाय जमिनीला टेकल्यावर मग कानाखाली वाजवलीस.

"सुट्टीला आलीस तर खा, पी, झोप. हे शिकायचं न्हाई."

"मग तू का करतीस?"

"म्या करती म्हनून तुला करायचं न्हाई. एवडंच हाय बग."

संध्याकाळी माझ्या मानेला तेल चोळत बसलीस, जसं काही मी दिवसभर ओझं वाहिलं होतं. मी म्हटलं दुखत नाही, तर म्हणालीस, गप बस, तुला काय कळतंय. ज्या बाईने मारलं तिनेच तेल लावायचं हा प्रकार तेव्हा मला विनोदी वाटला होता. आता हसू येत नाही.

पुढे लाईन मोठी झाली, डिझेलची इंजिनं आली आणि कोळशाचा ओटा बंद पडला. तू घरी आलीस. मला वाटलं आता तुला विसावा मिळेल, पण चार दिवसांत तू मान धरून बसलीस. "डोक्यावर वजन न्हाई तर मान दुखतीया," म्हणालीस, आणि घरात भरलेले हंडे असताना पुन्हा हंडा घेऊन पाण्याला निघालीस. आबा म्हणाले, "अगं, धरन रिकामं करतीस का काय?" तोवर तू चुंबळ डोक्यावर ठेवून उंबऱ्याबाहेर पडली होतीस.

आता इंजिनाचं. चालेल का, तर चालेल, पण नुसतं इंजिन चालून भागत नाही. एके काळी दर मोठ्या स्टेशनावर पाण्याचा नळ होता, कोळशाचा ओटा होता, राख पाडायचा खड्डा होता, इंजिन फिरवून तोंड वळवायचं चक्र होतं आणि हे सगळं ज्यांच्या हातात होतं ती माणसं होती. आता ह्यातलं काही उरलेलं नाही. पाणी भरायला अग्निशामक दलाचा बंब बोलवावा लागेल. चक्र नाही, म्हणून परत येताना इंजिन उलटं चालवायचं किंवा डिझेलने ओढून आणायचं. विस्तवाची जाण असलेले ड्रायव्हर कधीच निवृत्त झाले. त्यांतल्या दोघांनी नव्या पोरांना शिकवायला यायचं कबूल केलंय. उन्हाळ्यात ठिणगीने रुळांकडेचं गवत पेटतं, तेव्हा पावसाळा सरल्यावर, गवत हिरवं असतानाच चालवायचं. वेग कमी, म्हणून मधे दोन ठिकाणी बाजूच्या लाईनीला उभं करून मागच्या गाड्या पुढे काढायच्या. आणि बिघडलंच तर लाईन अडून राहू नये म्हणून शेवटी एक डिझेल इंजिन जोडायचं, नवरदेवाच्या घोड्यामागे मोटार न्यावी तसं. ह्यात पैसे कधीच सुटणार नाहीत, पण हौसेला मोल नसतं, आणि तरुण पोरांनी हे इतक्या जीव लावून उभं केलंय की मोडता घालायला जीव होत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट डोक्यावर आहे. विजेच्या तारा. टेंडरवर उभं राहून कुणी फावडं वर उचललं तरी खेळ खलास. तारेला हात लागावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी पुरतं. मी नकाशा बघत होते आणि मला तारांखाली तू दिसलीस, पाटी पालथी करताना दोन्ही हात वर गेलेली. त्या दिवशी मी पुढचं काम बाजूला ठेवलं. शेवटी ठरवलं की कोळसा जिथे वर तारा नाहीत अशा शेडमध्येच भरून घ्यायचा आणि वाटेत कुणीही टेंडरवर चढायचं नाही.

तर परवाच्या मीटिंगमध्ये आमचा एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, शेडमध्ये तारा नाहीतच, तर तिथे कोळसा भरायला दहा-बारा बायका लावू. नऊवारी, डोक्यावर पाट्या, अगदी पूर्वीसारखं. लोकांना फोटो काढता येतील." मुलगा वाईट नाही. सगळं पूर्वीसारखं हवं ह्या नादात बोलला. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बायकांना त्या दिवसाची चांगली मजुरी देऊ. मी म्हटलं, कोळसा मशीनने भरायचा. त्याने विचारलं, ह्याला नियम कुठला? मी म्हटलं, माझा. मला वाटतं मी जरा जास्तच मोठ्याने बोलले.

सोमवारी मी इंजिनाला हो म्हणणार आहे, सगळ्या अटी घालून. कोळसा मशीन भरेल. तुझ्या कामाचा तमाशा होऊ द्यायचा नाही, हे मी बरोबर केलं, ह्याची मला खात्री आहे. हे पत्र मात्र त्या कागदांत जाणार नाही, कुठेच जाणार नाही. एक गोष्ट मीटिंगमध्ये सांगता आली नाही, ती तुला सांगते. तो मुलगा ते बोलला तेव्हा राग यायच्या आधी, क्षणभर, मला ते हवं होतं. आपल्या घरात तुझा एकही फोटो नाही, आई, आणि आता तुझा चेहरा मला नीट आठवत नाही. फळीवरून वर जाणारी कुणीही बाई पाठमोरी मला तूच वाटली असती. ती वळायच्या आत मी निघून गेले असते.