हार घातलेला खर्च

श्रीरामपूर, ८ सप्टेंबर २०२५

चि. वाल्मिकास मुक्ताताईचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे. आपल्या गूळ कंपनीचा ताळेबंद आणि माझा हिस्सा विकत घेण्याचा तुझा कागद, दोन्ही मिळाले. कंपनी तोट्यात, म्हणून वडिलांनी माझ्या नावे ठेवलेल्या हिश्शाला चिंचोके.

तोटा कुठून आला तेही पाहिलं. गेल्या दसऱ्याला घेतलेला उसाचा नवा चरक तू दुरुस्ती-देखभालीत टाकलास आणि सगळी किंमत एका वर्षात संपवलीस. अरे, पंधरा वर्षं ऊस पिळणारं यंत्र मालमत्तेत धरायचं आणि दरवर्षी थोडा थोडा घसारा खर्ची टाकायचा, हे बारावीला मीच तुला शिकवलं होतं. तसं धरलं असतंस तर कंपनी नफ्यात दिसली असती, माझ्या हिश्शालाही मोल आलं असतं. तू मला खुळी समजलास, याचा जास्त राग आहे.

लोभ ठेवायचा की नाही, ते उत्तर वाचून ठरवीन.

मुक्ता

देवळाली प्रवरा, १३ सप्टेंबर

ती. मुक्ताताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला, म्हणून तुझी भावजय रेश्मा अजून हसते आहे. ताई, हा नुसता कागदावरचा खेळ. कर वाचतो, एवढंच. चरक कुठं पळून गेलाय? शेडमध्येच उभा आहे, ऊसही झकास पिळतो. कागदावर असला काय, नसला काय. रागावू नकोस, सही करून टाक. दाजींना नमस्कार. लोभात घट नसावी.

तुझा वाल्मिक

श्रीरामपूर, १७ सप्टेंबर

चि. वाल्मिकास आशीर्वाद, या वेळी हात आखडूनच.

दसऱ्याला त्याच चरकाच्या पूजेला तू मला बोलावलंस. मी हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तू नारळ फोडलास आणि भरल्या शेडमध्ये म्हणालास, "ताई, ही आपल्या कंपनीची लक्ष्मी हाय." खर्च होतं ते डिझेल. डिझेलच्या कॅनला कुणी हार घालत नाही, वाल्मिक.

मी सही करणार नाही. कागदावर असला काय, नसला काय, हे तुझंच म्हणणं ना? मग येत्या दसऱ्याला तुझे दाजी क्रेन आणि ट्रक घेऊन माझ्याबरोबर येतील. चरक उचलून श्रीरामपूरला नेते. जो तुझ्या ताळेबंदात नाहीच, तो गेला अशी तक्रार कुठल्या कागदाच्या जोरावर करशील?

हार मीच आणीन. चरकाला तो कुणाच्या दारात घालायचा, तेवढं दसऱ्याच्या आत ठरव. लोभाचं त्यानंतर पाहू.

मुक्ता