ह्यांची डावी भुवई

सोमवार, ४ मार्च

आणि सगळ्यांत आधी कोण उगवलं? खालची शिंपीणबाई! पाहुणे अजून जिन्यात धापा टाकताहेत, तोवर ही गळ्यात मोजपट्टी अडकवून दारात उभी. म्हणे, पडद्यांचं माप घ्यायचं राहिलंय ना? पडदे मागच्याच उन्हाळ्यात शिवून झालेत, तिनेच शिवलेत! पण आत घेतली. घर भरलेलं असलं की मला बरं वाटतं.

मग पाहुणे वर पोचले. एक प्राध्यापक — लांबुडका, गळ्यात मफलर, बोलताना डोळे मिटून घेतो. सोबत एक बाई, खांद्याला हे एवढं मशीन. तिचं नाव सांगितलं त्यांनी, पण माझ्या डोक्यात मशीनवालीच राहिलंय. खाते छान. चार बिस्किटं दिली तर पाचव्याकडे बघते. असं माणूस मला आवडतं.

आलेत ते ह्यांच्या रेकॉर्डींसाठी. ह्यांनी जाझचा बँड चालवला ना जन्मभर — पियानोवर हे, पुढे बाकीचे — तर जे जे म्हणून रेकॉर्ड झालं, ते सगळं एका मोठ्या पेटीत घालून विकायला काढायचं म्हणे. पहिल्या काळ्या तबकड्यांपासून, ज्या हातातून निसटल्या की गेल्याच, ते कॅसेटी, सीड्या, सगळं. बँडमधली पोरं ह्यांना कॅप्टन म्हणायची. नावेत बसलं की ह्यांना ओकारी येते, ते सोडा!

हे आनंदाने नुसते फुलून गेलेत, पण तोंडावर दाखवत नाहीत. दोनदा केस विंचरले. विंचरायला आहेत किती!

प्राध्यापकाने जॅमची बाटली उघडी ठेवली. माझ्या घरात झाकण उघडं म्हणजे माश्या, आणि माश्या म्हणजे भांडण. पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले.

मंगळवार, ५ मार्च

आज ऐकायला सुरुवात. पहिल्यापासून, ओळीने. प्राध्यापक विचारतो, हे कोणत्या साली? ह्यांना कुठलं आठवतंय! मी सांगते — हे वाजवलं तेव्हा थोरली पोटात होती, कारण मला शिट्टीचा आवाज ऐकून मळमळायचं. हे वाजवलं तेव्हा माझी अक्कलदाढ काढली होती. हे? हे दंतमंजनाच्या जाहिरातीचं! प्राध्यापकाने डोळे मिटले. 'ह्यात एक विषण्णता आहे.' असेल बाबा. मंजन काही खपलं नाही.

मग त्याने विचारलं, सगळे एका क्षणी कसे थांबतात? मी म्हटलं, भुवईवर!

पियानो वाजवताना दोन्ही हात गुंतलेले. मग खुणा करायच्या कशाने? ह्यांनी भुवया कामाला लावल्या. उजवी वर गेली — पुढच्याने उभं राहून एकट्याने वाजवायचं. डावी वर गेली — बास, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. बँडला इतकी सवय की हे झोपेत भुवई हलवतील तर सनईवाला — म्हणजे ते क्लॅरिनेट हो — गाडीतसुद्धा उभा राहायचा. घरातही तेच. जेवताना डावी वर गेली की मुलं घास तोंडात तसाच धरून बसायची. सूनबाई नवीन आली तेव्हा तिला वाटलं सासऱ्यांना डोळ्याचं काहीतरी आहे. बिचारीने गुपचूप थेंब आणून दिले. ह्यांनी घातलेही!

बुधवार, ६ मार्च

चमकत्या शर्टांचा काळ ऐकला. त्या वेळी कुणी विकत घेतलं नाही ते बरोबरच होतं. डोकं दुखतंय.

गुरुवार, ७ मार्च

आज 'उशिराची ट्राम' लागली आणि घरात गारठा पडला.

लिहून टाकते, मन मोकळं होईल. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा तो माझा पाठचा भाऊ. गाल फुगवून वाजवतो म्हणून लहानपणापासून फुग्या. आता म्हातारा झाला, तरी फुग्याच. तर 'उशिराची ट्राम' मध्ये त्याचा एकट्याचा मोठा तुकडा होता. उजवी भुवई वर गेली, फुग्या उठला, ट्रम्पेट ओठाला लावलं — आणि ह्यांची डावी वर! बँड खाड्कन बंद. स्टुडिओची वेळ संपली होती, कंपनीने तसंच छापलं. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, वा वा झाली.

फुग्या मात्र ट्रम्पेट उचलून निघून गेला तो गेलाच. 'सगळ्यांदेखत तोंड दाबलंत माझं,' असं म्हणाला ह्यांना. आणि हे? एक शब्द नाही! तेव्हापासून अबोला. सूनबाई ह्या घरात आली त्याच्या आधीपासून. फुग्या राहतो कुठे, तर दोन गल्ल्या सोडून. एकाच बेकरीत पाव घेतात दोघं, एक आत असला की दुसरा बाहेर दिव्याच्या खांबाकडे बघत उभा. मी भावाकडे जाते, भाऊ माझ्याकडे येत नाही. वय काय आमचं आता? एकदा त्याला माझ्या टेबलावर जेवताना बघायचंय मला. पेटीबिटी तुम्हाला लखलाभ, मला एवढंच हवंय.

प्राध्यापकाने तर त्या थांबण्यावर लेखच लिहिलाय. 'मौनाचा आघात.' वाचून दाखवला. हे खिडकीबाहेर बघत होते. कान लाल.

कान लाल का बरं?

शुक्रवार, ८ मार्च

काय सांगू, काय सांगू!

मशीनवालीला कंपनीच्या गोदामात त्या दिवसाची मूळ टेप मिळालीय. छापताना कापलेलंही सगळं तिच्यात आहे. आज लावली. कानाला ते डबे लावून बसली, बिस्किट चघळतेय, आणि मध्येच थांबली. 'आजी, इथे काहीतरी भुणभुणतंय.'

प्राध्यापक म्हणाला, 'तो शहराचा श्वास आहे.'

'नाही हो सर. माशी आहे.'

मोठ्याने लावलं. ट्राम चाललीय छान ठेक्यात. फुग्याची खुर्ची सरकली. फुग्याने श्वास घेतला. आणि भुण्ण्ण — अगदी जवळून, कारण माइक ह्यांच्या तोंडासमोर टांगलेला — भुण्ण्ण, आणि मग गप्प. माशी बसली. आणि त्याच क्षणी बँड बंद!

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या दोन्ही भुवया एकदम वर. असं जन्मात झालं नव्हतं! म्हणजे आता उठायचं की थांबायचं? शिंपीणबाई (ती होतीच) अर्धी उठून तशीच राहिली.

'कुठे बसली होती?' मी विचारलं.

हे हळूच म्हणाले, 'डावीवर.'

'मग उडवायची हाताने!'

'हात पियानोवर होते.'

म्हणून भुवईने उडवली. उडालीही. माशीसोबत बँडही उडाला, मेव्हणाही!

मी म्हटलं, अहो, मग सांगायचं नाही त्याला? तर म्हणे, सांगणारच होतो, पण तेवढ्यात रेकॉर्ड निघाली आणि पेपरात छापून आलं, केवढा धाडसी शेवट. मग कोणत्या तोंडाने सांगू की माशीने केला?

हसून हसून मला उचकी लागली. प्राध्यापक तेवढा हसला नाही. लेखाच्या कागदांची बारीक बारीक घडी करत बसला. त्याला दोन बिस्किटं जास्त दिली.

शनिवार, ९ मार्च

ह्यांचं म्हणणं, तू सांग. मी म्हटलं, मी नाही, तोंड तुमचं, भुवई तुमची. शेवटी शिंपीणबाईला धाडलं. फुग्याचे कोट तीच सैल करते, दरवर्षी थोडे थोडे.

आली परत. 'सांगितलं सगळं. आधी म्हणाले, खोटं. मग म्हणाले, कसली माशी? मी म्हटलं, साधी. मग म्हणाले, ताईने काय केलंय जेवायला?'

बटाटे! बटाटे करते म्हणावं, त्याला आवडतात तसे, करपवून!

रविवार, १० मार्च

आला. दारात उभा, काखेत ट्रम्पेट. हे समोर. दोघंही खांबासारखे. मग हे म्हणाले, 'कोट घट्ट होतोय.' फुग्या म्हणाला, 'तुमचे केस कुठे गेले, कॅप्टन?' झालं. एवढ्यासाठी इतकी वर्षं!

जेवला. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, तीनदा वाढून घेतलं. मी सारखी स्वयंपाकघरात जात होते ते मीठ आणायला नव्हे. असो.

मग प्राध्यापक उठला. नवा उत्साह आला होता त्याला. म्हणाला, पेटी पुरी व्हायची तर तो राहिलेला तुकडाही हवाच! दोघं आहेत, इथे पियानो आहे, रेकॉर्डिंगचं मशीन आम्ही आणतो. जे त्या दिवशी वाजलं असतं ते आता वाजू दे! हे लगेच पियानोचं झाकण पुसायला लागले. मशीनवाली टाळ्या वाजवायला लागली. शिंपीणबाई म्हणाली, मला खुर्ची पुढची ठेवा.

फुग्या हसला. पण गाल काही फुगले नाहीत.

सोमवार, ११ मार्च

सकाळी सकाळी फुग्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात. हे पियानोवर सराव करताहेत तेवढ्यात. म्हणाला, 'ताई, कुणाला सांगू नकोस. त्या दिवशी मी उठलो, श्वास घेतला, आणि डोकं कोरं! एक सूर आठवेना. तेवढ्यात कॅप्टनची डावी वर गेली. पाया पडावंसं वाटलं.'

'अरे, मग रुसलास कशाला?'

'रुसलो नसतो तर म्हणाले असते ना, चल, परत वाजव!'

आता बाथरूममध्ये कोंडून घेऊन पॅ पॅ करतोय. अजून काही सुचलेलं नाही.

पाहुणे गुरुवारी परत यायचं म्हणालेत. मी आत्तापासूनच खिडकी उघडली, आणि पियानोवर जॅमची बाटली ठेवलीय. झाकण काढून.