आत्मविश्वास, आठवड्यातून तीनदा

४ जानेवारी, शनिवार
शाळेच्या पीटीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. मुलींचा सकाळचा धावण्याचा गट बंद पडणार होता. पालकसभेत सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी मी हात वर केला. कॉलेजात मी रिलेच्या टीममध्ये होतो. राखीव, पण किट मिळालं होतं. सहावी-सातवीच्या मुली, आठवड्यातून तीनदा. उद्देश : आत्मविश्वास आणि चांगल्या सवयी. खरा उद्देश : लेक. पोहायला गेली असताना कोणीतरी ‘जाडे’ म्हटलं, तेव्हापासून खेळत नाही, डबा अर्धा परत आणते, वर्गात तोंड उघडत नाही. बापाने सूत्रं हातात घेतली की फरक पडेलच. बायको फक्त ‘बरं’ म्हणाली. हिचं ‘बरं’ मला आवडत नाही.

६ जानेवारी, सोमवार
पहिला दिवस. आधी आत्मविश्वासावर बोललो, जरा सविस्तर. मुली कुडकुडत होत्या, पण जागेवरून हलल्या नाहीत. मग मैदानाला फेऱ्या. अर्ध्या फेरीनंतर मी मुद्दाम थांबलो. कोचने बाहेरून निरीक्षण करायचं असतं. लेक सगळ्यांच्या मागे. घरी येताना म्हणाली, बाबा, मैदानावर मला पिल्लू म्हणू नकोस. बोलायला लागली! पहिल्याच दिवशी!

१५ जानेवारी, बुधवार
आज विषय : न्याहारी. रिकाम्या पोटी शाळेत जायचं नाही, असं ठासून सांगितलं. शिडी म्हणून एक उंच मुलगी आहे, तिने विचारलं, सर, तुम्ही काय खाता? अंडी आणि फळं, म्हणालो. लेक बुटाची नाडी बांधत होती. चहा-बिस्किटांबद्दल चकार शब्द काढला नाही. समजूतदार आहे.
संकल्प : बिस्किटं बंद. पुडा संपला की.

२९ जानेवारी, बुधवार
गुडघा. मेहुणी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला दाखवला. म्हणाली, भाऊजी, हा धावून नाही, न धावल्याने दुखतोय. हिच्या माहेरच्यांना खेळाडूंचं काही कळत नाही. आज मैदानावर खुर्ची नेली. खुर्चीवरून जास्त चांगलं दिसतं. लेक आता मधल्या घोळक्यात असते, शिडीबरोबर. दोघी पळताना गप्पा मारतात. बोलू नका, दम लागेल, असं ओरडलो. ओरडताना मलाच दम लागला. त्या हसल्या. पळताना हसू येतंय म्हणजे ट्रेनिंग योग्य दिशेने आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
डबा रिकामा आला! न्याहारीच्या भाषणाचा परिणाम. लेक म्हणते, पळून आलं की भूक लागते, बाकी काही नाही. लहान आहे अजून.
ऑफिसात टेबलावरच डोळा लागला. साहेबांनी उठवलं. नेतृत्व माणसाला पिळून काढतं.

९ मार्च, रविवार
आज गटाची पहिली शर्यत, तळ्याभोवतीची दौड. बेत असा : मी पुढे राहून वेग ठरवायचा, लेक माझ्या शेजारी, फोटो शेवटच्या रेषेवर.
पहिल्याच वळणावर पोटात कळ आली. बाकावर बसलो. मुली पुढे गेल्या. लेक तेवढी थांबली. बाबा, बरं वाटत नाही का? म्हटलं, थांब जरा, दोघं मिळून जाऊ. ती माझ्याकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे. म्हणाली, नाही बाबा, मी जाते. आईला फोन कर. आणि गेली. झाडांआड जाईपर्यंत दिसत होती. एकदाही मागे वळली नाही.
ही स्कूटर घेऊन आली. आम्ही पोहोचलो तेव्हा लेक गळ्यात पदक घालून कुठल्याशा मुलींना मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. मला पाहूनही आवाज खाली आला नाही.

१० मार्च, सोमवार
सराव संपल्यावर मुली माझ्या खुर्चीभोवती जमल्या. बोलली लेक. बाबा नाही, सर म्हणाली. सर, आम्हाला आता भाषण नको. आम्ही आमच्या आमच्या पळू. शिडीची आई मैदानावर थांबेल. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत.
डोळ्याला डोळा भिडवून बोलली. आवाज कापला नाही. मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होतो. माझा थोडा कापला. थंडीमुळे.

१२ मार्च, बुधवार
उजाडताना जाग आली. लेक स्वयंपाकघरात पाणी पीत होती. मग बूट हातात घेऊन बाहेर गेली आणि माझी झोपमोड होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.
मी जागाच होतो. कुशीवर वळलो.